रोगानुत्पादनीय अध्याय आणि पहाटेची गाडी

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हे विधान आता फारच गुळगुळीत झाले आहे. आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाला जाणाऱ्या प्रत्येक वक्त्याच्या तोंडी ते असते. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली आणि तिने शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य अशी तिहेरी व्याख्या जगापुढे ठेवली. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबरच आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता स्वस्थाच्या लक्षणांत घातली, हे आपण सर्व जाणतोच. दोन्ही व्याख्या शेजारी मांडून आपण समाधान मानतो. अडचण येते ती पुढे. व्याख्यान संपल्यावर एखादा श्रोता उठून विचारतो, "मग मी उद्यापासून नेमकं काय करू?" त्यावर आपण त्याच्या हातात दिनचर्येचे छापील पत्रक देतो.

त्या पत्रकाविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अध्यायांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा आणि चौथा रोगानुत्पादनीय, म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नयेत यासाठी सांगितलेला. ज्याला आज आपण रोगप्रतिबंध म्हणतो त्याला वाग्भटाचार्यांनी स्वतंत्र अध्याय दिला आणि नावही तेच दिले. या अध्यायाचा आरंभ कशाने होतो? रसायनाने नाही, व्यायामाने नाही, पथ्याच्या यादीनेही नाही. वेगधारणाच्या निषेधाने होतो. अधोवात, मल, मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, खोकला, श्रमश्वास, जांभई, अश्रू, छर्दी आणि शुक्र असे तेरा वेग सांगून, प्रत्येक वेग अडवल्याने काय होते व त्यावर काय करावे, हे आचार्य क्रमाने सांगतात. विद्यार्थिदशेत हा भाग आपण परीक्षेपुरता पाठ केला. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा, म्हणून थोडा कंटाळवाणाही. त्याचा खरा अर्थ मला कळला तो नेरळला व्यवसाय सुरू केल्यावर.

नेरळ हे कर्जत तालुक्यातील गाव. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ८६ किलोमीटर. १८५६ मध्ये कल्याणपासून खोपोलीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी धावू लागली. पर्यटकाच्या मनात नेरळ म्हणजे ती छोटी गाडी. येथील रहिवाशाच्या मनात मात्र कर्जतहून येणारी मुंबईची लोकल. जागेचे भाव परवडतात म्हणून मुंबईतील कुटुंबे आधी डोंबिवलीला सरकली, मग बदलापूरला, मग वांगणी, शेलू, नेरळपर्यंत आली. नोकरी मात्र मुंबईतच राहिली. येथून मुंबईचे शेवटचे स्थानक गाठण्यास गाडीत दोन तासांच्या आसपास वेळ जातो, आणि घर ते फलाट व फलाट ते कचेरी हा वेळ निराळा. ब्राह्ममुहूर्तावर उठणारी माणसे कोठे पाहावयाची असतील, तर ती आता आश्रमात न शोधता नेरळच्या फलाटावर शोधावीत. दिनचर्येचा पहिला नियम हे लोक आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात. दुर्दैवाने बाकीचे सर्व नियम त्यापायी मोडतात.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आत, मुंबईत एका खासगी कचेरीत नोकरी. वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणे, वारंवार थोडी थोडी लघवी. प्रत्येक वेळी औषध घेतले की बरे वाटे, महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. मीही त्यांना एकदा गोक्षुर, चंद्रप्रभा वटी आणि 'भरपूर पाणी प्या' असा सल्ला देऊन पाठविले होते. या खेपेस त्या स्पष्टच म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी मी मुद्दामच कमी पिते. प्यायले तर जाऊ कुठे?"

त्यांचा दिवस मी प्रथमच सविस्तर विचारला. पहाटे साडेतीनला उठणे. डबे, पाणी भरणे, मुलाची तयारी. त्यानंतर गाडी. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या डब्यात शौचालय नसते, हे सर्वांस ठाऊक आहे. मधल्या एखाद्या स्थानकावर उतरावे तर पुढच्या गाडीत शिरता येत नाही आणि कचेरीत उशिराची खूण पडते. कचेरीत स्त्रियांचे प्रसाधनगृह दुसऱ्या मजल्यावर, त्याला कुलूप, किल्ली शिपायाकडे. दर वेळी पुरुष शिपायाकडे किल्ली मागण्याचा संकोच. म्हणून दुपारच्या जेवणानंतर एकदाच. संध्याकाळी पुन्हा दोन तासांची गाडी. मी हिशोब केला. जागेपणीच्या एकोणीस तासांत त्या तीन वेळा लघवीला जात होत्या आणि दिवसभरात जेमतेम तीन पेले पाणी पीत होत्या.

मूत्रवेग अडविल्याने अंग मोडून येणे, अश्मरी, आणि बस्ती, मूत्रमार्ग व वंक्षण या ठिकाणी वेदना होतात असे वाग्भट सांगतात. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्रकृच्छ्र आणि शिरःशूल यांचीही भर घालतात. आधुनिक शास्त्राच्या भाषेत, मूत्राशयात लघवी दीर्घकाळ साचून राहिली आणि पाणी कमी पडल्याने ती गढूळ व तीव्र झाली, की जंतूंना वाढण्यास वाव मिळतो. लघवीच्या नियमित प्रवाहाने ते एरवी वाहून जातात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने हा धोका त्यांना अधिक. दोन्ही शास्त्रे येथे एकाच जागी येऊन उभी राहतात. आणि त्याच जागी माझा पूर्वीचा सल्ला निरुपयोगी ठरतो. वेग अडवू नका, असे ज्या स्त्रीला मी सांगत होतो तिला वेग मोकळा करण्याची जागाच नव्हती. तिच्या दृष्टीने तहान अडवणे हाच मूत्रवेग अडवण्यापासून वाचण्याचा मार्ग होता. म्हणजे एक वेग वाचविण्यासाठी दुसऱ्याचा बळी.

येथे व्यवसायबंधूंना एक गोष्ट आवर्जून सांगतो. थंडी वाजून ताप, कंबरेच्या एका बाजूस वेदना, उलट्या किंवा लघवीतून रक्त असेल, रुग्ण गर्भवती किंवा मधुमेही असेल, तर लघवीची तपासणी व जंतुसंवर्धन करून घेण्यात आणि आवश्यक तेथे प्रतिजैविकांसाठी पाठविण्यात कमीपणा मानू नये. वृक्कापर्यंत पोहोचलेला संसर्ग चंद्रप्रभेची वाट पाहत नाही. तीव्र अवस्था उलटल्यावर वेगरोधजन्य विकारांत सांगितलेले अभ्यंग, अवगाहस्वेद आणि भोजनापूर्वी घृतपान हे उपाय मात्र आपण जवळजवळ विसरलोच आहोत. रविवारी कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटे बसणे कोणत्याही गृहिणीला शक्य आहे. अनेक जणींना त्याने ओटीपोटातील दुखण्यावर बराच आराम पडलेला मी पाहिला आहे.

या अध्यायातील आणखी एक बारकावा आपल्याकडून निसटतो. आचार्यांनी केवळ वेगधारणाला दोष दिलेला नाही. वेगोदीरण, म्हणजे न आलेला वेग बळेच उत्पन्न करणे, यालाही तितकेच दोषी धरले आहे. पहाटेच्या गाडीचा प्रवासी दिवसभर धारण करतो आणि पहाटे उदीरण करतो. घड्याळ पुढे सरकत असते, पोट साफ व्हायला हवे, वाटेत सोय नाही. मग कुंथणे, गरम चहाचे दोन पेले, तंबाखूची चिमूट, आणि शेवटी रात्री घेतलेले चूर्ण. बाजारातील बहुतेक बद्धकोष्ठनाशक चूर्णांत सोनामुखी असते. प्रसंगी ती उपयुक्त खरी, परंतु वर्षानुवर्षे रोज घेतलेली सोनामुखी म्हणजे औषधाच्या रूपाने केलेले नित्य वेगोदीरणच. चाळिशीतील अर्श आणि परिकर्तिकेचे रुग्ण या पट्ट्यात इतके का, याचे उत्तर मला तरी बरेचसे येथे सापडते.

औषधालय चालविणाऱ्या मित्रांशी येथे थोडे मोकळे बोलावेसे वाटते. २०२० च्या साथीत च्यवनप्राश, गुळवेल आणि काढ्याची पाकिटे यांचा किती खप झाला, हे आपण जाणता. आयुष मंत्रालयाच्या त्या वेळच्या सूचनांत कोमट पाणी, प्राणायाम, हळदीचे दूध अशा साध्या गोष्टीही होत्या. दुकानात विचारणा झाली ती मात्र बरणीची. तेव्हापासून रोगप्रतिबंध म्हणजे एखादे उत्पादन, अशी जनतेची समजूत दृढ झाली आहे, आणि त्यात आपला वाटा आहे. आपला चरितार्थ विक्रीवर आहे, हे मी विसरलेलो नाही. पण एकच गिऱ्हाईक दर महिन्याला तेच चूर्ण किंवा मूतखड्याचे तेच सरबत नेत असेल, तर वैद्याच्या आधी ते आपल्याला दिसते. आमच्याकडे रुग्ण सहा महिन्यांनी येतो, आपल्याकडे तो दर पंधरवड्याला येतो. "किती दिवस घेताय? पाणी किती पिता?" एवढे दोन प्रश्न गल्ल्यावरून विचारले गेले, तर कित्येक रुग्ण वेळेत वैद्यापर्यंत पोहोचतील. माझ्या ओळखीचे एक दुकानदार असे करतात. त्यांचे गिऱ्हाईक त्यामुळे तुटले नाही, असे ते सांगतात.

झोपेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे शास्त्राने मला अनपेक्षित साहाय्य केले. निद्रावेग अडविल्याने मोह, डोके व डोळे जड होणे, आळस, जांभया आणि अंगमर्द होतो. त्यावर झोप आणि हलके अंग चेपणे हाच उपाय. असात्म्य जागरण झाले तर त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असेही वचन आहे. पण रात्री अकराला पडून साडेतीनला उठणाऱ्याने सकाळी झोपावे कोठे? आणि दिवास्वापाचा तर ग्रीष्म वगळता निषेध. अशा वेळी निद्रेच्याच प्रकरणात आलेला एक छोटासा उल्लेख मला सापडला. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी, आचार्यांच्या शब्दांत आसीन प्रचलायित, ही रूक्षही नाही आणि अभिष्यंदीही नाही. जागरणाचा दोषही नाही आणि दिवास्वापाचा दोषही नाही! लोकलच्या खिडकीला डोके टेकून बदलापूरपर्यंत पेंगणाऱ्या चाकरमान्याला शास्त्राने जणू आधीच परवानगी दिलेली आहे. माझे कित्येक रुग्ण गाडीत झोपण्याचा अपराधीपणा बाळगून होते. आता मी त्यांना सांगतो, बसायला जागा मिळाली की मोबाईल खिशात ठेवा आणि निःसंकोच डुलकी घ्या. मानेला आधार मिळावा म्हणून पंचा गुंडाळून ठेवा, इतकेच. मात्र संपूर्ण झोपेची ही भरपाई नव्हे. ज्यांचा रक्तदाब वा रक्तशर्करा आटोक्यात येत नाही, त्यांच्या औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी झोपेचे तास मोजावेत, हा माझा परिपाठ झाला आहे.

अडवू नयेत अशा वेगांनंतर अडवावेत असे वेग येतात. लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर, राग. ज्याने प्रथमच कर्जत लोकलचा प्रवास केला असेल त्याला या वर्गीकरणाचे मोल सांगावे लागणार नाही. दरवाजात उभे राहण्याच्या जागेवरून होणारी भांडणे, जागा धरून ठेवणारे गट, त्यावरून उसळणारा संताप घरी नेला जातो आणि तो मुलांवर निघतो. आपल्या चाकरमान्यांची गंमत अशी की, जे अडवू नये ते अडविण्यास परिस्थिती त्यांना भाग पाडते आणि जे अडवावे ते अडविण्याची शक्ती त्यामुळेच उरत नाही. भूक, झोप आणि लघवी दाबून बसलेल्या माणसाने क्रोधही दाबावा, ही अपेक्षा जरा जास्तच होते. गाडीतली भजनी मंडळे मात्र हे काम अनेक वर्षे करीत आली आहेत. टाळ वाजत असलेल्या डब्यात भांडण क्वचितच होते. मानसिक स्वास्थ्याची ही सामुदायिक सोय कोणत्याही वैद्याने सांगितलेली नव्हती.

याच अध्यायात पुढे दोषांच्या ऋतुनिहाय शोधनाचा विषय येतो. शीत ऋतूत साचलेल्या दोषांचे वसंतात, ग्रीष्मात साचलेल्यांचे पावसाळ्यात आणि पावसाळ्यात साचलेल्यांचे शरदात. नोकरदाराला रजा मिळते दिवाळीत, म्हणजे नेमकी शरदात, विरेचनाच्या योग्य काळी. पण चकली-करंजीच्या दिवसांत विरेचन घ्यायला कोण तयार होतो? नवरात्रापूर्वीचा आठवडा मी सुचवितो. दहांतील एखादा ऐकतो.

नेरळला सर्वच माणसे गाडीने जात नाहीत. वरच्या माथेरानात, सुमारे ८०० मीटर उंचीवर, मोटारींना बंदी असल्याने वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढल्या गेल्या. पर्यटकाला बसवून लाल मातीच्या चढावर ती गाडी ओढणाऱ्याला थांबून दम घेण्याची मुभा नसे. श्रमश्वास हा तेरा वेगांपैकी एक, आणि तो अडविल्याने गुल्म, हृद्रोग व संमोह संभवतात. उपाय विश्रांती आणि वातघ्न चिकित्सा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षांच्या मार्गाने करावे असे सांगितले. न्यायालयाने तो विषय मानवी प्रतिष्ठेच्या अंगाने पाहिला. रोगानुत्पादनीय अध्याय वाचणाऱ्यास तो हृदयाच्या अंगानेही दिसतो.

डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतील कातकरी बांधवांची स्थिती आणखी निराळी. खैराच्या नारातून कात काढणारे म्हणून हे नाव पडले. ज्या खदिराचे अरिष्ट आपण कुष्ठविकारांत विश्वासाने देतो, त्या वृक्षाशी या समाजाचे नाते आपल्याहून जुने आहे. जंगलावरचा हक्क गेला, कात गेला, आणि आज यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवरच्या रुग्णाला मी गाडीच्या प्रवाशाचे पत्रक देऊ शकत नाही. त्याने अडविलेले वेग भूक आणि तहान हे आहेत. भुकेचा वेग अडविल्याने ग्लानी, कार्श्य, शूल आणि भ्रम होतो. त्यावर लघु, स्निग्ध, उष्ण आणि थोडे अन्न द्यावे. तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, जमल्यास चमचाभर तूप. उन्हात माती मळणाऱ्यासाठी हे औषधही आहे आणि त्याच्या खिशाला झेपणारेही. च्यवनप्राशाची बरणी त्याच्या एका दिवसाची मजुरी खाऊन टाकते. लहान मुलाचे वजन घटत असेल, तर मात्र पेजेवर न थांबता त्याला अंगणवाडी व प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडून देणे हे आपले काम आहे.

आगंतु आणि निज या दोन्ही प्रकारच्या रोगांचा प्रतिबंध सांगताना वाग्भटाचार्य प्रज्ञापराधाचा त्याग, इंद्रियांचा उपशम, स्मृती आणि सद्वृत्त यांच्या सोबत देशकालात्मविज्ञान असा शब्द वापरतात. देश, काल आणि स्वतः यांचे ज्ञान. वैयक्तिक आरोग्याची परिमाणे कोणती, याचे इतके आटोपशीर उत्तर माझ्या तरी वाचनात दुसरे नाही. आपण मात्र त्यातला आत्म तेवढा उचलला. रुग्णाची प्रकृती पाहिली, नाडी पाहिली, कोष्ठ विचारला. देश म्हणजे जांगल, आनूप, साधारण एवढेच लिहून पुढे गेलो. नेरळच्या रुग्णाचा देश हा दोन तासांचा डबा आहे, भट्टी आहे, कुलूप लावलेले प्रसाधनगृह आहे. हे केसपेपरवर लिहिण्यास रकाना नसतो. मी आता माझ्या केसपेपरवर तो छापून घेतला आहे: उठण्याची वेळ, घर सोडण्याची वेळ, लघवीस जाण्याच्या वेळा व जागा, पहिले अन्न किती वाजता, पाणी किती पेले. पाच ओळी. विचारण्यास चार मिनिटे लागतात.

कोणी म्हणेल, शौचालय बांधणे हे वैद्याचे काम नव्हे. खरे आहे. परंतु मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मुतारीच्या हक्कासाठी चळवळ उभी राहिली, पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या वतीने याच विषयावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ प्रसाधनगृहे उभारण्याविषयी निर्देश दिले. या साऱ्या प्रयत्नांत आयुर्वेदाची बाजू कोणी मांडल्याचे मला आढळले नाही. मूत्रवेग अडवू नये, हे शतकानुशतके लिहून ठेवणाऱ्या शास्त्राचे आपण वारस. त्या प्रश्नावर सर्वांत मोठा आवाज आपला असावयास हवा होता. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी ग्रामपंचायती, बाजार समित्या आणि शाळा यांना याविषयी लेखी निवेदने दिली, तर त्यास शास्त्राधारही आहे आणि आपल्या रुग्णांचा अनुभवही. शाळांचा उल्लेख मुद्दाम केला. मुली दिवसभर पाणी न पिण्याची सवय शाळेतच लावून घेतात, असे मला अनेक मातांकडून कळले आहे.

त्या भगिनींचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी त्यांना कचेरीच्या नावे एक साधे पत्र लिहून दिले. रुग्णास वैद्यकीय कारणास्तव दर तीन तासांनी प्रसाधनगृहात जाणे आवश्यक आहे, एवढाच मजकूर. ते पत्र घेऊन त्या एकट्या गेल्या नाहीत. आणखी तिघी सोबत गेल्या. आठवड्याभरात किल्लीची दुसरी प्रत स्त्रियांच्या टेबलाशी टांगली गेली. पाण्याच्या वेळा आम्ही गाडीभोवती बसविल्या: उठल्यावर एक पेला, गाडीत फक्त घोट, कचेरीत पोहोचताच दोन पेले, दुपारी चारपर्यंत आणखी तीन, निघण्याच्या तासभर आधी पाणी थांबवून निघताना लघवीस जाऊन यावयाचे. पुढील वर्षभरात त्यांना एकदाच त्रास झाला, तोही पावसात गाड्या ठप्प होऊन त्या कल्याणच्या अलीकडे चार तास अडकल्या होत्या तेव्हा.